साथ ओसरली, आदेशांची धास्ती राहिली

३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी केंद्र सरकारने अल्पबचतीचे नवे व्याजदर जाहीर केले. पीपीएफ ७.१ टक्क्यांवरून ६.४, ज्येष्ठ नागरिक बचत योजना ७.४ वरून ६.५, पोस्टातल्या बचत खात्याचे व्याज ४ वरून साडेतीन. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कळवले की हा आदेश नजरचुकीने निघाला, तो मागे घेतला जाईल आणि जुनेच दर चालू राहतील. त्याच दिवशी पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये विधानसभेच्या मतदानाचा दुसरा टप्पा होता. आदेश का निघाला आणि का मागे गेला याचे तर्क मला करायचे नाहीत. पोस्टात आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्या माणसांचे उत्पन्न संध्याकाळी कमी झाले आणि सकाळी पुन्हा होते तेवढे झाले. दोन्ही वेळा त्यांना आधी कोणी काही सांगितले नव्हते. मला खटकते ते हे.

कोविडच्या महासाथीने गुंतवणूकदाराचे काय केले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक सेन्सेक्सकडे बघून लिहिलेले. सोलापुरात बसून तोच हिशेब मांडला की उत्तर वेगळे येते. विषाणूमुळे आलेली अनिश्चितता कोणाच्याच हातात नव्हती. तिने सगळ्यांना घाबरवले आणि काही काळाने ती ओसरली. धोरणांची अनिश्चितता मात्र माणसे तयार करतात. ती साथीच्या आधीही होती, साथीत वाढली आणि साथ संपल्यावरही गेली नाही. आपल्या शहरातल्या लहान गुंतवणूकदाराच्या वाट्याला आलेले जास्त टिकाऊ नुकसान या दुसऱ्या प्रकारातले आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी गुंतवणूकदार म्हणजे कोण, ते ठरवू. डीमॅट खाते असलेला तरुण तर आहेच. पण निवृत्तीच्या पैशाची मुदत ठेव करून तिच्या व्याजावर घर चालवणारे शिक्षक, कर्ज काढून दोन रॅपिअर (आधुनिक, वेगवान) माग बसवणारा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखानदार, उसाच्या बिलातून साखर कारखान्याचा शेअर घेतलेला माढ्याचा शेतकरी, विड्या वळून भिशीत पैसे टाकणारी पूर्व भागातली बाई, हे सगळे गुंतवणूकदारच आहेत. आजचा पैसा उद्याच्या भरवशावर अडकवणारा प्रत्येक जण त्यात येतो. त्या उद्याबद्दल त्याला काय माहीत आहे आणि काय माहीत असू शकत नाही, यावर त्याचा सगळा खेळ असतो.

शेअर बाजाराची गोष्ट लवकर सांगून टाकतो, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. २० जानेवारी २०२० ला सेन्सेक्सने ४२,००० च्या वरची पातळी पाहिली होती. २३ मार्चला एकाच दिवसात तो ३,९३४ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त कोसळला आणि २६,००० च्या खाली बंद झाला. त्या एका महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून साधारण ६२,००० कोटी रुपये काढून नेले. पुढच्या तिमाहीत देशाचे उत्पन्न २३.९ टक्क्यांनी आकसल्याचे आकडे आले. आणि तरीही २१ जानेवारी २०२१ ला सेन्सेक्सने ५०,००० चा टप्पा ओलांडला. पळून गेलेला परदेशी पैसा कितीतरी पटीने परत आला होता.

असे का झाले, याची कारणे गूढ नाहीत. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२० मध्येच व्याजदर शून्याजवळ नेला. आपल्या रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ५.१५ टक्क्यांवरून दोन महिन्यांत ४ वर आणला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्के झालेलाच होता. पैसा स्वस्त झाला की तो शेअरकडे धावतो. त्यात मोठ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांकडे तग धरायला रोकड होती आणि बंद पडलेल्या लहानांची गिऱ्हाइके त्यांच्याकडे वळली. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या आहेत. त्यात सोलापूरचा एकही चादर कारखाना नाही, एकही टॉवेलवाला नाही. त्यामुळे निर्देशांक वर गेला म्हणजे अर्थव्यवस्था सावरली, हे वाक्य इथल्या चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याला २०२० च्या दिवाळीत कोणी ऐकवले असते, तर त्याला ते दुसऱ्या देशाबद्दलचे वाटले असते.

आता त्याच स्वस्त पैशाची दुसरी बाजू. तिच्याबद्दल फार कमी बोलले गेले, म्हणून तिथे थोडे थांबतो.

व्याजदर कमी होतो तेव्हा कर्ज घेणाऱ्याला फायदा होतो आणि ठेव ठेवणाऱ्याचे नुकसान होते. हे पैसे आकाशातून येत नाहीत, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. १ एप्रिल २०२० पासून, टाळेबंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात, ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा ७.९ वरून ६.८ वर आला. ज्येष्ठांच्या योजनेत तेव्हा जास्तीत जास्त १५ लाख ठेवता येत. मार्चमध्ये निवृत्त होऊन त्याच महिन्यात पैसे भरलेल्याला वर्षाला १,२९,००० रुपये व्याज मिळणार होते. एप्रिलमध्ये पोस्टात जाता आले त्याला १,११,०००. महिन्याला दीड हजाराचा फरक, तोही पाच वर्षे, कारण या योजनेत भरतानाचा दर शेवटपर्यंत कायम राहतो. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साठीपुढच्या माणसाने पोस्टाच्या रांगेत उभे राहायचे कसे?

बँकांच्या ठेवींचे त्याहून वाईट झाले. मोठ्या बँकांत वर्षभराच्या ठेवीवर पाच-साडेपाच टक्के मिळू लागले. त्याच २०२०-२१ या वर्षात किरकोळ महागाई सरासरी ६ टक्क्यांच्या वर होती. याचा अर्थ ठेवीदार दर वर्षी थोडा थोडा गरीब होत होता आणि त्या तोट्याच्या व्याजावर प्राप्तिकरही भरत होता. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे ७.७५ टक्क्यांचे बचत रोखे एका दिवसाच्या सूचनेवर बंद झाले. जुलैमध्ये त्यांच्या जागी बदलत्या दराचे रोखे आले, सुरुवातीला ७.१५ टक्क्यांचे. ज्यांना शेअर समजत नाहीत आणि समजून घ्यायचे वयही राहिले नाही, त्यांच्यासाठी जुने रोखे ही एक भरवशाची जागा होती.

मी व्याजदर कपातीच्या विरोधात नाही. साथीत कपात करणे भागच होते. कारखाने बंद, पगार बंद, अशा वेळी कर्ज महाग ठेवले असते तर आणखी माणसे देशोधडीला लागली असती. एवढेच नव्हे, अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडण्याचे जे सूत्र श्यामला गोपीनाथ समितीने २०११ मध्ये सुचवले, ते काटेकोर लावले असते तर त्या दोन वर्षांत दर आणखी खाली गेले असते. तेव्हा सरकारने दर रोखून धरून ठेवीदाराला झळ कमी बसू दिली, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. सूत्र आहे, पण ते पाळले जाईलच असे नाही. पाळले जाणार नाही असेही नाही. दर तिमाहीच्या शेवटच्या तारखेला निर्णय कळतो आणि तो कशावर बेतला हे कळत नाही. माणसाला कमी व्याज सोसता येते, खर्च आवरता येतो. कमी होणार की नाही हेच कळत नसेल तर तो काय आवरणार?

या अधांतरीपणाचे परिणाम आपल्या शहरात दिसले. ठेवीवर भागत नाही म्हटल्यावर लोक इकडेतिकडे वळले. काही पतसंस्थांकडे गेले, जिथे अर्धा-एक टक्का जास्त मिळतो. काहींनी जुळे सोलापुरात आणि होटगी रोडला प्लॉट घेतले. ऑगस्ट २०२० मध्ये सोने दहा ग्रॅमला ५६,००० च्या आसपास गेले, तेव्हा तिथे गर्दी झाली. आणि मोठ्या संख्येने तरुण मोबाइलवरून शेअर बाजारात उतरले. देशात मार्च २०२० मध्ये चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, मार्च २०२४ पर्यंत ती पंधरा कोटींच्या वर गेली. लोक शेअर बाजारात आले याचे मला वाईट वाटत नाही. एसआयपी करणारा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणारा, दहा-पंधरा वर्षे थांबायची तयारी असलेला माणूस योग्यच करतो आहे. पण त्यातले खूप जण कॉल आणि पुटच्या, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैज लावण्यासारख्या सौद्यांच्या नादाला लागले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या ९३ व्यक्तींनी पैसे गमावले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. सरळ मार्गाने बचत वाढत नाही अशी परिस्थिती तयार झाली की माणसे आडमार्गाला लागतात. त्या मुलांना हावरट म्हणणे सोपे आहे. त्यांच्या वडिलांच्या ठेवीवर पाच टक्के देणाऱ्या व्यवस्थेकडेही बोट दाखवले पाहिजे.

आता मागवाल्यांकडे येतो. शहराची खरी गुंतवणूक तिथे अडकलेली आहे.

शेअर विकता येतो. सकाळी घेतला, पटला नाही, दुपारी विकला. मागाचे तसे नाही. शेड उभारली, वीजजोड घेतला, माग बसवले, विणकर शोधला की पैसा रुतला. विकायला गेले तर भंगाराचा भाव येतो. त्यामुळे परिस्थिती धूसर असताना कारखानदाराने हातचे राखून बसणे अगदी शहाणपणाचे असते. पुढच्या वर्षी कर काय असेल, सूत किती रुपयांनी येईल, निर्यात चालू राहील का, हे कळेपर्यंत थांबावे असे त्याला वाटते. एकाने थांबणे शहाणपणाचे, पण सगळेच थांबले की विणकराला काम नाही, कांडी भरणाऱ्या बाईला काम नाही आणि त्यांची खरेदी थांबली म्हणून पेठेतल्या दुकानदाराला गिऱ्हाईक नाही. धोरण सारखे बदलते ठेवणे म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी थांबायला सांगणे.

२०२० मध्ये सरकारने लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींची विनातारण कर्जहमी योजना आणली. चांगली योजना होती, तिने पुष्कळ कारखाने वाचवले. पण ती २९ फेब्रुवारी २०२० ला ज्याच्या नावावर बँकेचे कर्ज होते त्यालाच, त्या कर्जाच्या २० टक्क्यांइतकी मिळत होती. म्हणजे ज्याने बँकेकडून घेतलेच नव्हते, स्वतःच्या पैशाने किंवा सूत व्यापाऱ्याच्या उधारीवर चार-सहा माग मजुरीने चालवत होता, त्याला काही नाही. अशा माणसांनीच तर इथला यंत्रमागाचा धंदा भरलेला आहे. कर्ज न काढता काटकसरीने धंदा करणारा मदतीच्या यादीतून आपोआप बाहेर गेला.

साथीचा जोर कमी होतो न होतो तोच दुसरे संकट. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने कापडावरचा कर ५ वरून १२ टक्के करायचे ठरवले. नोव्हेंबरमध्ये अधिसूचना निघाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू. व्यापाऱ्यांनी जुन्या दराने माल उचलून ठेवायचा की थांबायचा, यावर नोव्हेंबर-डिसेंबर गेला. ३१ डिसेंबरला, लागू व्हायच्या आदल्या दिवशी, परिषदेने निर्णय पुढे ढकलला. मग काही महिन्यांत कापसाची खंडी (सुमारे ३५६ किलो) लाख रुपयांच्या वर गेली आणि सुताचे भाव हाताबाहेर गेले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने कापसावरचे आयातशुल्क माफ केले, तेही आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर महिनाभर वाढवून. आधी टाळेबंदी, मग कराची टांगती तलवार, मग सुताची भाववाढ: दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मे २०२२ पासून दहा महिन्यांच्या आत रेपो दर ४ वरून साडेसहावर गेला. स्वस्त दरात, बदलत्या व्याजाने कर्ज घेऊन माग बसवलेल्याचा हप्ता वाढला. साथीच्या काळात कर्ज घ्या म्हणून त्याला प्रोत्साहन मिळाले होते. नंतरचे ओझे मात्र त्याच्या एकट्याचे.

कोणी म्हणेल, महासाथ होती, युद्ध झाले, जगभर महागाई भडकली, तिथे सरकार तरी काय करणार. हे बरोबर आहे, पण अर्धेच. त्याच्या उत्तरादाखल एक तारीख सांगतो, जेव्हा महासाथ नव्हती.

७ डिसेंबर २०२३. त्या दिवशी केंद्राने साखर कारखान्यांना उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला त्या हंगामापुरती बंदी घातली. त्याच तारखेला परकीय व्यापार महासंचालनालयाने कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद केली. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर पुढे आहे, आणि सोलापूर बाजार समितीत डिसेंबर-जानेवारी हा कांद्याच्या आवकेचा भर असतो. एका दिवसाच्या दोन कागदांनी आमच्या जिल्ह्याची दोन मोठी पिके अडचणीत आणली.

इथेनॉलचे प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण तिथे सरकारने स्वतः गुंतवणूक करायला सांगितले होते. २०१८ पासून इथेनॉल बनवणाऱ्या आसवनी प्रकल्पांसाठी व्याज सवलतीची योजना होती. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर अलीकडे आणले गेले. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, मात्र वाढत गेली. अशा परिस्थितीत इथेनॉल हाच सुटकेचा रस्ता आहे असे कारखान्यांना सांगितले गेले आणि त्यांनी ते ऐकले. कर्जे काढली, प्रकल्प उभारले. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि गाळप हंगाम सुरू असतानाच आदेश आला. आठवड्याभरात तो थोडा सैल झाला, काही साखर इथेनॉलसाठी वळवायला परवानगी मिळाली. पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी उठली. साखरेचा भाव सामान्य माणसासाठी आवाक्यात ठेवणे हा सरकारचा रास्त हेतू आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण ज्या प्रकल्पाला तुम्ही व्याज सवलत देता, त्याचा कच्चा माल हंगामाच्या मधोमध बंद करता, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर त्याच आदेशात असायला हवे होते. ते नव्हते. शेवटी तो खर्च उसाच्या बिलाच्या विलंबातून सभासदापर्यंत पोचतो.

ही गोष्ट आपल्या शहराला नवी नाही. १८७७ सालची सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, आपली जुनी मिल, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. भागधारकांचे मतदानाचे आणि संचालक निवडण्याचे हक्क गोठवले गेले. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने त्याचा अर्ज फेटाळला. पुढे सरकारने नेमलेल्या संचालकांनी अर्धवट भरणा झालेल्या प्रेफरन्स शेअरवरची उरलेली रक्कम भागधारकांकडे मागितली, तेव्हा दुसरा भागधारक लढला. डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: भरपाई न देता मालमत्ता अशी काढून घेता येणार नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने त्यावर उतारा काढला आणि भरपाई पुरेशी आहे की नाही हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेला. संविधानाच्या अभ्यासकांना हे खटले पाठ असतात, सोलापुरात ते फारसे कोणाला ठाऊक नाहीत. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम, सगळ्याच गिरण्या बंद झाल्या.

जुन्या मिलच्या बाबतीत सरकारचा हेतू चुकीचा होता असे मला वाटत नाही. कामगारांची चूल पेटती ठेवणे हे भागधारकाच्या लाभांशापेक्षा मोठेच काम आहे. पण त्या कामाची किंमत काही विशिष्ट माणसांच्या खिशातून न विचारता काढायची, आणि ती काढली हे मान्यही करायचे नाही, ही सवय तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे. कांद्याची बंदी शहरी ग्राहकासाठी असते, पैसे उत्पादकाचे जातात. व्याजदराची कपात उद्योगासाठी असते, पैसे ठेवीदाराचे जातात. हेतू सार्वजनिक असेल तर किंमतही सार्वजनिक तिजोरीतून निघाली पाहिजे. निदान तिचा काही भाग तरी.

मग मागायचे काय? आणीबाणीत सरकारने पूर्वसूचना देत बसावे असे मी म्हणणार नाही. येस बँकेवर मार्च २०२० मध्ये निर्बंध आले तेव्हा आठवडाभर आधी सांगितले असते तर बँकेत एक रुपया उरला नसता. काही गोष्टी अचानकच कराव्या लागतात. पूर्वसूचनेलाही किंमत असते. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी जीएसटी कपातीची घोषणा केली आणि नवे दर २२ सप्टेंबरला लागू झाले. मधले पाच आठवडे गिऱ्हाईक भाव उतरण्याची वाट बघत थांबले होते. तरीही ती थांबलेली खरेदी नंतर झाली. हंगाम हातचा गेलेला कांदा नंतर विकता येत नाही. म्हणून आणीबाणी आणि रोजचा कारभार यांत रेषा आखली पाहिजे, आणि रोजच्या कारभारात तीन गोष्टी पाळता येण्यासारख्या आहेत.

अल्पबचतीचे सूत्र एक तर पाळावे, नाही तर या तिमाहीत ते का बाजूला ठेवले हे लेखी सांगावे, आणि दर लागू होण्याच्या किमान महिनाभर आधी जाहीर करावे. शेतमालाच्या आणि सुताच्या बाबतीत चालू हंगामाचे झालेले करार, भरलेले कंटेनर, मंजूर झालेला इथेनॉल पुरवठा यांना नवा आदेश लागू करू नये. अगदीच करावा लागला तर भरपाईची तरतूद त्याच कागदावर असावी. यात सरकारचे हात बांधले जात नाहीत. फक्त निर्णय घेताना त्याची किंमत डोळ्यांसमोर येते.

तिसऱ्या गोष्टीकडे वळण्याआधी इथल्या वाचकांना एक सांगावेसे वाटते. अशा काळात कोणता शेअर घ्यावा हे विचारू नका, आधी किती महिने काहीही न विकता तग धरता येईल ते बघा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात एके काळी ज्वारी जमिनीखालच्या पेवात घालून ठेवत, पाऊस नाही आला तर म्हणून. कारखानदाराने सहा महिन्यांच्या मजुरीइतकी आणि पगारदाराने वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम अशी बाजूला ठेवावी, मग त्यावर व्याज कमी का मिळेना. मार्च २०२० मध्ये घाबरून शेअर विकणाऱ्यांत घरखर्चासाठी पैसे लागले म्हणून विकणारेही होते. त्यांचा अंदाज चुकला नव्हता, त्यांना थांबता आले नाही.

तिसरी गोष्ट ठेवींची, आणि ती आपल्या शहराला सगळ्यात जास्त लागू आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्या लक्ष्मी सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येऊ लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. जवळपास ९९ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क होता, आणि त्याला दोन कायदेशीर बदल कारणीभूत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पैसे देण्याची सोय झाली होती. धोरण नीट आखले तर ते लहान माणसाला कसे सावरते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पण आधीची एक लाखाची मर्यादा १९९३ पासून, म्हणजे तब्बल २७ वर्षे, हलली नव्हती. पाच लाखांचेही तसेच होऊ नये. ही मर्यादा महागाईशी जोडून दर पाच वर्षांनी आपोआप वाढेल, अशी तरतूद कायद्यातच हवी. पतसंस्थांच्या ठेवींना तर हे विम्याचे कवच मुळीच नाही, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या असंख्य घरांची बचत तिथेच आहे. सहकार विभाग राज्याच्या हातात आहे. पतसंस्थांच्या ठेवींसाठी असेच भक्कम कवच उभारायला राज्य सरकारला दिल्लीच्या आदेशाची वाट बघण्याची गरज नाही.